हाळी माझी, गाणं तिचं

बार्शीवालीचा आवाज पातळ आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हे म्हटलं होतं आणि आजही म्हणते. वरच्या पट्टीत गेली की चिरतो, खाली आली की ऐकू येत नाही, आणि मधल्या चार सुरांवर तिनं घर बांधलं, गाडी घेतली, नाव केलं. सोलापुरात हळदीचा मांडव पडला आणि तिचं ते गाणं वाजलं नाही, असं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. ही बाई जळून बोलते असं कुणालाही वाटेल. बरोबरच वाटेल. मी जळूनच बोलते.

ती येण्याआधी हळदीत मी गायचे. आमची बेंजो पार्टी होती. एक बेंजोवाला, एक ढोलकीवाला, एक ताशावाला, एक कीबोर्डवाला आणि मी. वरातीत हातगाडीच्या मागं चालत गायचं, हळदीत मांडवाच्या कोपऱ्यात उभं राहून. गाणं मला कुणी शिकवलं नाही. माझं माहेर सांगोल्याकडचं, बाप मेंढरं राखायचा. माळावर एका टेकाडावर तो आणि दुसऱ्यावर मी, मध्ये उलटं वारं. तिथं आम्ही एकमेकांना हाळी घालायचो. लांबून घातलेल्या हाकेला आमच्याकडं हाळी म्हणतात. वाऱ्यात शब्द विरून जायचे, शेवटचं अक्षर तेवढं पोचायचं. म्हणून शेवटच्या अक्षरावर आवाज वर चढवायचा आणि तिथंच मोडायचा. बापाची हाळी तशी होती, माझीही तशीच झाली. लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा चादरीच्या कारखान्यात होता. शेजारच्या एका हळदीत बायकांबरोबर गाताना बेंजोवाल्यानं मला ऐकलं आणि घरी येऊन नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, ती घरात पण एवढ्याच मोठ्यानं बोलतीया, घेऊन जा.

तेव्हा गाणं माणसांबरोबर चालायचं. पोरी नाचायला लागल्या, रंग चढला, की मी लय वाढवायची. बेंजोवाला माझ्या हनुवटीकडं बघायचा. हनुवटी वर गेली की तोही पळायचा. म्हातारी आत्या नाचायला उठली की आम्ही तिच्या गुडघ्यांच्या हिशेबानं हळू व्हायचो. एखादं गाणं नवरदेवाच्या मित्रांसाठी पाऊण तास ओढलेलं मला आठवतं. कुणी कधी म्हटलं नाही की ताल चुकला. ताल म्हणजे समोरची माणसं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक हळदीत करायची. नवरीला चौरंगावर बसवलं की तिच्याभोवती बायकांचं कडं पडतं. करवल्या, मावश्या, शेजारणी, मैत्रिणी, सगळ्या पुढं. आणि नवरीची आई कायम मागं. तिला आचारी बोलावतो, तिला नारळ सापडत नाही, तिला कुणीतरी रुसलेलं समजवायचं असतं. ती हळदीची वाटी घेऊन येते तेव्हा पुढं नुसत्या पाठी असतात. ती बिचारी टाचा वर करून बघत राहते. मी कोपऱ्यात उंचावर उभी, मला ती दिसायची. मग मी गाणं मध्येच सोडून हाळी घालायची, "ओ, सरका की बाजूला, नवरीच्या आईला येऊ द्या की." बायका हसत बाजूला व्हायच्या, आई पदर सावरत पुढं यायची, आणि मी गाणं सोडलं होतं तिथून उचलायची. कितीतरी आयांना मी अशी वाट करून दिली. त्यातल्या काही अजून रस्त्यात भेटल्या की हात धरतात.

मग कीबोर्डवाल्यानं कॉम्प्युटर घेतला.

हा आमच्यातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात अबोल. कार्यक्रम संपला की बाकीचे जेवायला बसायचे आणि हा तारा गुंडाळत बसायचा. एक दिवस त्यानं पार्टी सोडली. अक्कलकोट रोडला घराच्या वरच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि स्टुडिओ काढला. त्याचं डोकं असं चाललं की त्यानं एकदाच एक ताल बनवला, सगळा मशिनमधला, ढोलकीही मशिनची आणि ताशाही मशिनचा, आणि त्या एकाच तालावर तो गाणी चढवत सुटला. हळदीचं गाणं त्यावर, जत्रेचं त्यावर, गणपती मंडळाचं त्यावर, कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचंही त्यावरच. ऐकणाऱ्याला कधी कंटाळा आला नाही. डीजेवाल्यांना तर ते फारच सोयीचं, एक गाणं संपून दुसरं कधी लागलं हे नाचणाऱ्याला कळतच नाही. आमच्या ढोलकीवाल्यानं ते पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाला, "ज्याला घाम येत न्हाय, त्याला कोण हरवणार?" त्यानं पुढं रिक्षा घेतली.

हळदीचं गाणं करायचं ठरलं तेव्हा कीबोर्डवाल्यानं आधी मला बोलावलं. हे मी मुद्दाम सांगते. आधी मला बोलावलं.

मी चांगली साडी नेसून गेले. खोलीत गरम होत होतं, पंखा लावता येत नव्हता कारण त्याचा आवाज आत जातो. त्यानं माझ्या कानांना हेडफोन लावले. आत नुसतं टक, टक, टक. म्हणाला, "आक्का, ह्या टकटकीवर गायचं." मी गायले. त्यानं थांबवलं. पुन्हा गायले, पुन्हा थांबवलं.

"आक्का, तुमी पळताय."

"कुटं पळतीया मी? हितं तर हुबी हाय."

"तसं न्हाय. टकटक मागं राहतीया, तुमी पुढं जाताय."

मग मी हळू गायले, तर म्हणाला आता मागं पडताय. मला वाटलं मशिनच बिघडलं असेल. तसं बोलूनही दाखवलं. त्यानं मान खाली घातली आणि हसू दाबलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याच्या तोंडावर आली होती, वयाचा मान राखून त्यानं ती गिळली, हे मला दिसलं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात ताल सोडला नाही तिला एक टकटक सांगत होती की तुला ताल नाही. मला रडू येत होतं आणि संताप येत होता, दोन्ही एकदम.

शेवटी मी डोळे मिटले. म्हटलं, समोर मांडव आहे असं समजू. आणि खरंच मांडव दिसायला लागला. करवल्या दिसल्या, चौरंग दिसला, पाठींचं कडं दिसलं, आणि कड्याच्या मागं वाटी घेऊन टाचा वर केलेली आई दिसली. दोन कडव्यांच्या मध्ये जिथं नुसतं संगीत वाजतं तिथं माझ्या तोंडून हाळी गेली, "ओ, सरका की बाजूला, नवरीच्या आईला येऊ द्या की."

डोळे उघडले तर समोर अंड्यांचे ट्रे.

कीबोर्डवाला पोट धरून हसला. "आक्का, हितं कोण न्हाय की सरकायला." मीही हसले, करते काय. दुपार गेली, गाणं झालं नाही. त्यानं सरबत दिलं आणि म्हणाला, बघू, कळवतो. बघू कळवतो याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

आणि मग बार्शीवाली आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच. वडील बार्शीच्या एका कचेरीत कारकून, ही कॉलेज शिकलेली, गॅदरिंगमध्ये गाणारी, बोलणं शुद्ध. उभ्या वरातीत एकदासुद्धा गायलेली नाही. धुरळा खाल्लेला नाही. कीबोर्डवाल्यानंच मला नंतर कौतुकानं सांगितलं की ती एकेक ओळ गाते. एक ओळ गायची, थांबायचं, पाणी प्यायचं, दुसरी ओळ. चुकली तर तेवढाच शब्द पुन्हा. मग हा त्या ओळी मशिनमध्ये जोडतो. टकटकीवर अगदी सुईसारखी बसते, म्हणाला. मी म्हटलं, सुईसारखी पातळ पण हाय. त्याला ते आवडलं नाही.

पार्टी तोवर मोडतच आली होती. मी नवी पेठेतल्या एका जिन्याखालच्या जागेत फॉल-पिकोचं मशिन टाकलं. समोर मोबाइलचं दुकान होतं. तेव्हा लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे, त्यामुळं तिथं दिवसभर काही ना काही वाजत असायचं. एका दुपारी साडीला फॉल लावता लावता मला कुणा बाईची हाक ऐकू आली. गाण्याच्या सुरुवातीलाच, ताल सुरू व्हायच्याही आधी, मोकळ्या माळावरून आल्यासारखी. माझा हात थांबला. मनात पहिला विचार आला तो असा, ही कोण नवी? काय आवाज आहे. बार्शीवालीला ही खाऊन टाकणार. क्षणभर मला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला. मग ती शेवटच्या 'की'वर चढली आणि तिथंच मोडली.

माझा बाप तसा मोडायचा.

हाक संपली, ताल सुरू झाला, आणि बार्शीवाली गायला लागली. कडवं झालं की पुन्हा माझी हाळी. पुन्हा कडवं, पुन्हा हाळी. समोरच्या दुकानात दोन पोरी गाणं भरून घ्यायला उभ्या होत्या. तिच्या ओळींना त्या गप्प होत्या आणि हाळी आली की दोघी बरोबर म्हणत होत्या.

मी मशिनवर कापड टाकलं आणि तशीच अक्कलकोट रोडला गेले. कीबोर्डवाल्यानं नाही म्हटलं नाही. "तुमचंच हाय आक्का. एवढी भारी हाक, वाया कशाला घालवायची? गाणं त्या हाकेवरच चाललंय."

"मग माझं नाव कुटं हाय?"

तो गोंधळला. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, ही त्यातली खरी गंमत. म्हणाला, "गाणं तिचं हाय ना. तुमची तर नुसती हाक हाय. हाकेला नाव कसं घालायचं?"

मी काढ म्हणाले. तो म्हणाला, आता कुठून कुठून काढू, गावोगाव गेलंय. मग हळूच म्हणाला, "नाव घालू का पुढच्या वेळी?" आणि त्या क्षणी मला दिसलं की नाव घातलं तर लोक काय म्हणतील. म्हणतील, हिला गाणं जमलं नाही, नुसती ओरडली. सगळं गाणं फेकलं आणि ओरडणं ठेवलं. बार्शीवालीच्या नावाखाली बारीक अक्षरात माझं ओरडणं. मी म्हटलं, राहू दे. आणि त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. पोर तेव्हा शाळेत होती आणि तीसुद्धा दप्तर भरताना तेच म्हणायची, सरका की बाजूला. हे आपल्या आईचं आहे हे तिला माहीत नव्हतं. घरात मी रोजच तसं ओरडायची, त्यामुळं तिच्या कानाला त्यात वेगळं काही वाटलं नसावं.

पुढची वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवण्यात घालवली. चौकाचौकात तिचे फलक लागले. जत्रेत तिचे कार्यक्रम, मोबाइलवर तिचे व्हिडिओ. दुकानात काम नसलं की मी ते बघत बसायची. तिच्या साड्यांना नावं ठेवायची, तिच्या हातवाऱ्यांना नावं ठेवायची, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायची. स्टेजवर ती गाते म्हणजे काय, मागं मशिन गातं आणि ही थोडं त्याच्यावर गाते. त्याचं मला काही नाही, आता सगळेच तसं करतात. मला आग लागायची ती दुसऱ्याच गोष्टीनं. हाळी आली की ती हात उंच करायची, मान मागं टाकायची आणि तोंड उघडायची. आवाज माझा, तोंड तिचं. समोरचे लोक वेडे व्हायचे. तिच्या त्या पातळ गळ्यातून ती हाळी निघू शकत नाही हे एवढ्या माणसांत एकालाही कळू नये? दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं ऐकलं होतं, दुसऱ्याच्या गळ्यानं ओरडणं मी हिच्यातच पाहिलं.

मांडवांतही एक नवीन रीत पडली. हाळी वाजली की नाचणाऱ्या बाया दोन बाजूंना होतात, मधून वाट करतात, आणि नवरीची आई त्या वाटेनं नाचत येते. आता ते ठरवून करतात, मोबाइलवर काढतात. कुणाच्याही हळदीला गेले की मला हे बघावं लागायचं. माझ्या हाळीनं बाया सरकायच्या आणि कौतुक बार्शीवालीचं व्हायचं. मी बुंदीचा लाडू घेऊन घरी यायची आणि तो मला गोड लागायचा नाही.

मागच्या वर्षी ती माझ्या दुकानात आली.

फॉलला साडी घेऊन आली होती, हिरवी, टिकल्यांची. डोळ्याखाली काळं आलेलं, केस रंगवलेले. जवळून ती मला चाळिशीच्या पुढची साधी बाई दिसली. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण ती अजून देखणी होती. "ताई, उद्यापर्यंत होईल का? परवा कार्यक्रम आहे," म्हणाली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, बसा, लगेच देते. का म्हटलं कुणास ठाऊक. मला तिला समोर बसवून बघायचं असेल.

ती स्टुलावर बसली. मी तिचा फॉल असा सरळ लावला की जन्मात कुणाला टाक्यात खोट काढता येऊ नये. मध्येच रीत म्हणून मी मान बाहेर काढली आणि गल्लीच्या टोकाच्या चहावाल्याला हाक दिली, "ओ, दोन चहा पाठवा की."

मागं काहीतरी पडलं. तिच्या हातातला मोबाइल. मी वळले तर ती माझ्याकडं बघत होती. माझा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही, घोगरा झालाय, पण 'की' तसाच चढतो आणि तसाच मोडतो. तिनं ती हाळी कार्यक्रमात हजारदा ऐकली असेल, तिच्यावर तोंड उघडलं असेल. माझ्यानंतर या जगात तो आवाज सगळ्यात जास्त तिलाच पाठ होता.

मी वाट बघितली. आता बोलेल, आता विचारेल. चहा आला. तिनं बशीत ओतून प्यायला, खाली बघत. मी साडी घडी करून दिली. ती म्हणाली, "छान झालंय काम, ताई," आणि गेली.

त्या दिवसापासून माझ्या जळण्याला नवीन लाकूड मिळालं. आधी तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला निदान माफ करता आलं असतं, केलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. आता तिला माहीत होतं आणि ती गप्प होती. मी त्या परवाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ शोधून बघितला. हिरवी साडी, माझा फॉल, आणि हाळीला तसंच उघडलेलं तोंड.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. पोर आता नोकरी करते, नवराही तिनंच पसंत केला. सोयरे पंढरपूरचे, लॉज आहे त्यांचं, माणसं हौशी. मी मनात एकच गोष्ट धरून होते. आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या हळदीत गायले, आपल्या पोरीच्या हळदीत गाणार. रिक्षावाल्या ढोलकीवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, आक्का, ढोलकीचं कातडं गेलंय, पण बसवून घेतो.

मग पोर एके संध्याकाळी आनंदानं उड्या मारत घरी आली. तिच्या सासऱ्यांनी हळदीसाठी कार्यक्रम ठरवला होता, त्यांच्याकडून भेट. बार्शीवाली स्वतः येणार होती.

"मम्मी, विचार कर, खुद्द ती."

"मी गाणार हुते की," मी म्हणाले.

पोरीचं तोंड उतरलं. "मम्मी, त्यांनी ठरवलंय. आता कसं नको म्हणायचं? आणि तुझा आवाजही आता..." तिनं पुढचं बोलायचं टाळलं. वाईट पोर नाही ती. तिनं खरं तेच सांगितलं, आणि म्हणून जास्त लागलं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर करत होते. माझ्या पोटच्या पोरीच्या हळदीत त्या बाईनं माझ्यासमोर माझ्या आवाजावर तोंड उघडायचं, आणि मी टाळ्या वाजवायच्या. त्यापेक्षा मांडवात जाऊच नये असंही मनात येऊन गेलं.

हळदीच्या दिवशी मी ठरवलं होतं की पुढं उभं राहायचं, अगदी तिच्या डोळ्यांसमोर. बघू कशी तोंड उघडते ते. पण नवरीच्या आईला ठरवून काय करता येतं? ऐन वेळी आचाऱ्यानं बोलावलं, भजी आधी वाढायची की नंतर. मग विहीणबाईंच्या जावेला पंख्याखाली जागा हवी होती. मग हळदीची वाटी कुणीतरी देवापाशी ठेवून विसरलं होतं, ती शोधली. वाटी घेऊन मी मांडवात आले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. चौरंगाभोवती कडं पडलं होतं. माझ्यासमोर नुसत्या पाठी. पोरीच्या डोक्यावरचं फुलांचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. दोनदा सरका म्हटलं, पण डीजेच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. मी टाचा वर केल्या.

आणि गाणं लागलं. ताल सुरू होण्याआधी, मांडवाच्या सगळ्या कर्ण्यांतून एकदम, "ओ, सरका की बाजूला, नवरीच्या आईला येऊ द्या की."

बाया दोन बाजूंना झाल्या. रीतच पडली आहे ती. माझ्यापासून चौरंगापर्यंत सरळ वाट झाली, दोन्हीकडं हसणारे चेहरे, मोबाइल वर धरलेले. त्या हाळीतली मी तिशीतली होते. गळा भरलेला, दम असा की तीन गल्ल्या ऐकू जावं. मला तिचा हेवा वाटला. असलं काही माझ्यात होतं, हे मी गात होते तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

मग मी स्टेजकडं बघितलं. तेवढ्यासाठीच तर आले होते.

बार्शीवाली हिरव्या साडीत उभी होती, तीच टिकल्यांची. हात वर केलेला नव्हता. माइक तिनं खाली, मांडीपाशी धरला होता. तोंड मिटलेलं. लोकांना दिसावं म्हणून मिटावं तसे घट्ट मिटलेले ओठ, आणि ती माझ्याकडं बघत होती. हाळी तिच्या तोंडाशिवाय मांडवभर वाजली.

पुढच्या चार बायांनी तिच्याकडं बघितलं, मग एकमेकींकडं. पोर चौरंगावर बसली होती. तिनं स्टेजकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिचा हसरा चेहरा हळूहळू बदलला. काय कळलं ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. "मम्मी," ती म्हणाली. ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले.

मी वाटी घेऊन चालायला लागले. नाचले नाही, चालले. ताल सुरू झाला, बार्शीवालीनं माइक वर घेतला आणि आपली ओळ गायला लागली, पातळ आवाजात, टकटकीवर बरोबर. मी चालत होते आणि माझ्या मनात येत होतं की तिच्या जागी मी असते तर ओठ मिटले नसते. लोकांची तोंडं आपल्याकडं असताना, एवढ्या वर्षांची सवय असताना, मी मिटले नसते. मी तोंड उघडलं असतं. हेही तिलाच जमावं, म्हणून मी पुन्हा जळले.

पोरीच्या गालाला हळद लावली. तिनं माझं मनगट धरून ठेवलं. कडवं संपलं आणि हाळी पुन्हा वाजली. मी आधीच पोचले होते, तरी बाया पुन्हा बाजूला झाल्या. मी मान वळवून बघितलं. तिनं या वेळीही तोंड उघडलं नव्हतं.